करमत नाही

सोहारच्या तुरुंगात दर मंगळवारी मला बोलावतात,
आमच्याकडची माणसं आणि डॉक्टर यांच्यामध्ये बसायला.
पर्स बाहेर, फोन बाहेर, केसांतली पिनसुद्धा बाहेर.
आत फक्त जीभ न्यायची.

वासुदेव भुवड, गुहागरकडचा, वेल्डर.
दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला, तो दुसरा पळाला.
फॉर्मवर एकवीस प्रश्न.
झोप? भूक? वजन?
कानात आवाज येतात?
"येतो ना," तो म्हणाला, "एसीचा.
तो बंद पडला की मग खाडीचा."
डॉक्टर पेन उचलून माझ्याकडे बघत राहिले.
मी म्हटलं, आवाज नाहीत.

मग उठता उठता तो म्हणाला,
"बाई, करमत नाही."

एवढंच.
हे आपण कुणालाही म्हणतो,
माहेराहून परतल्यावर,
शेजारीण बिऱ्हाड हलवून गेली की,
नुसतंच, शुक्रवारी दुपारी.
मी म्हटलं, कंटाळा आलाय त्याला.
डॉक्टरांनी लिहिलं, कंटाळा.
कंटाळ्यावर गोळी नसते.

नवव्या रात्री त्याने चादर फाडली, पट्ट्या काढल्या, पीळ दिला.
वाचला.
सिस्टर शोशम्मा चष्मा विसरली होती, तो न्यायला परत आली,
म्हणून.
तेव्हापासून त्याला चादर नाही.
एकट्याची खोली, दिवा चोवीस तास,
दाराच्या भोकातून दर पंधरा मिनिटांनी एक डोळा.
याला इथे काळजी म्हणतात,
आणि मी तसंच भाषांतर केलं.

दवाखान्याच्या भिंतीवर तीन भाषांत पाटी आहे:
कैद्याला बाहेरच्या माणसाइतकेच उपचार मिळतील.
आज मी ती त्याला चौथ्या भाषेत वाचून दाखवली.
तो बराच वेळ पाटीकडे बघत होता.
"बाहेरच्या म्हणजे कुणाच्या?" त्याने विचारलं.
"आमच्या कॅम्पात सगळ्यावर क्रोसिन देत."

हे मी सांगितलं नाही. आधी दुसरं सांगितलं.
म्हटलं, डॉक्टर, गेल्या महिन्यातला माझा शब्द खोडा.
कंटाळा नव्हे.
जिथे बसलोय तिथे आपण असतो ना,
हात मांडीवर, पाठ भिंतीला, जीव जागेवर,
तसं त्याला होत नाही.
कुठेच होत नाही.
घरी गेला तरी होईल की नाही, त्याला ठाऊक नाही.

रकाना लहान आहे, ते म्हणाले.
मागच्या पानावर लिहा, मी म्हटलं.
पहारेकऱ्याने वेळ संपल्याची खूण केली.
शोशम्माने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.
मी तो प्यायले, सावकाश,
आणि खुर्ची सोडली नाही.