एक 'मा' कमी

दुसऱ्या सत्रात चिपाटाहून लिनेस म्वान्झा आली
मोटरसायकलवर मागे बसून, लाल धुळीनं भुवया माखलेल्या.
परिपत्रक नाही, भाषण नाही.
एक कागद दिला : पाच अक्षरं, पाच शब्द,
चार ओळींची शेळीची गोष्ट.
म्हणाली, एकेकाला झाडाखाली बोलव.
शिकवू नकोस. ऐक.

वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत होते
आणि चाळीस तोंडं माझ्यामागून म्हणत होती.
सूर असा लागायचा
की मला वाटे, हेच वाचन.

झाडाखाली सूर नव्हता.
एकटं मूल, आणि कागद.
सहावीतली एक्केचाळीस. त्यातली चोवीस
'म्बुझी'पाशी थबकली.
म्बुझी म्हणजे शेळी,
जिला हीच पोरं रोज दोरीनं ओढत नेतात.

त्या रात्री न्शिमाचा घास घशाखाली उतरेना.

मग आम्ही इयत्ता मोडल्या,
निदान सकाळचा पहिला तास तरी.
वय विसरायचं. जो जिथं अडला
तिथं त्यानं बसायचं.
मासाउसो अक्षरांच्या गटात आला,
चौदा वर्षांचा, ओठांवर कोवळी लव,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
शेजारी त्याची धाकटी बहीण. पुढचे दात पडल्यानं
तिला 'स' म्हणता येत नव्हता,
ओळखता येत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
तिसऱ्याही.

शनिवारी बाजारात दिसला, शेंगदाण्यांच्या ढिगामागे.
त्याची वही माझ्या पिशवीत होती :
बावन्न वजा सतरा, पंचेचाळीस.
दोनातून सात जात नाहीत
म्हणून त्यानं सातातून दोन काढले होते,
आणि मी लाल फुली मारली होती.
त्या एका पानावर सात फुल्या.

म्हटलं, सतरा क्वाचांचे दे.
पन्नासची नोट दिली, वर दोनाची.
माझी पिशवी उघडायच्या आत,
मान वर न करता,
त्यानं पस्तीस परत केले.

बाजारात उभ्या उभ्या मला कळलं
फुली कुणावर मारायला हवी होती.

सोमवारी मक्याच्या धाटांच्या काड्या केल्या,
दहाची जुडी, सालीनं बांधलेली.
पाच जुड्या, दोन सुट्या.
म्हटलं, आता यातले सतरा दे मला.
तो काड्यांकडे बघत राहिला. मग एक जुडी सोडली,
आणि सोडता सोडता माझ्याकडे असं पाहिलं
की बस.
एवढंच होतं, बाई?
मग इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंत?

अक्षरं आम्ही सिमेंटच्या पोत्यांवर कापली.
मा मे मि मो मू,
मांडायची, ढवळायची, पुन्हा मांडायची.
कधी वाऱ्यानं उडायची
आणि वर्ग त्यांच्यामागे धावायचा.

ऑक्टोबरात, पत्रा उन्हानं तडतडत असताना
मी हजेरीपट त्याच्या हाती दिला.
वाच म्हटलं.
तो वाचत गेला. लुसुंगू. झेलिपा. याम्बानी.
मग बोट थांबलं.
मला वाटलं, अडला.

"बाई, इथं एक 'मा' कमी आहे."

साउसो.
पहिलीत मीच लिहिलं होतं, घाईत.
दर जानेवारीत नव्या पटावर उतरवत आले,
बघून. न वाचता.

मी पेन पुढे केलं.
त्यानं 'मा' लिहिला, इतका मोठा
की चौकटीतून फुटून वरच्या पोराच्या ओळीत गेला.
मासाउसो. आमच्या बोलीत त्याचा अर्थ त्रास.
आईनं ठेवलेला त्रास आहे,
तो पुरता लिहायला हवा.

नोव्हेंबरात लिनेस पुन्हा कागद घेऊन आली.
चोवीसचे नऊ झाले होते.
तिनं टाळी दिली. मी घेतली.

रात्री कंदिलाशी बसून
त्या नऊ जणांची नावं मोठ्यानं वाचली,
प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून,
चौथ्या नावाशी थांबले.
सकाळी तिलाच विचारायचं आहे.