नावे

गुदैबियाच्या खोलीत, एसीच्या घरघरीत
मी एका माणसाची वही तपासतोय.
दिवसा तपासतो ती जहाजांच्या किराण्याची:
किती पोती कांदा, किती डबे तूप
कुठल्या बोटीवर चढलं.
रात्री ही.

हेरंबराव तळेकर, खासदार, पहिली खेप.
हजेरी एकाहत्तर टक्के.
आमच्या गोदामात एवढ्यावर
तिकीट काढून घरी पाठवतात,
पण ते गोदाम.
प्रश्न दोनशे बारा. बंदरांवर चाळीस,
आंब्यावर बावीस, आखातावर तीन.
मतं बहुतेक आवाजी.
"होय"चा गलका मोठा झाला की कायदा झाला,
त्यात कोणाचा घसा कुठे होता
कागदाला ठाऊक नाही.

देणग्यांच्या तक्त्यात दोन बिल्डर,
एक वाळूवाला, एक सूतगिरणी,
आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात
"परदेशस्थ हितचिंतक".
म्हणजे मी. वीस दिनार.

आणि त्यांनी स्वतः मांडलेलं एक विधेयक.
परदेशी वारलेल्या कामगाराचा देह
सात दिवसांत, सरकारी खर्चानं, घरी.

शमशुद्दीन बुरोंडकर सलमानियाच्या शवागारात आहे,
आज एकोणीस दिवस.
कंपनी म्हणते कफील देईल, कफील म्हणतो कंपनी,
दूतावास म्हणतं फॉर्म.
दाभोळहून हलीमाभाभी रोज तेच विचारते:
बर्फात ठेवलंय का हो?
त्याला गार सोसत नाही.

म्हणून उघडलं हे सगळं.
खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात,
तिथले साडेतीन, इथला एक.
दोन वर्षं चिठ्ठी लागली नाही.
मग लागली. तारीख, पुकारा, नाव,
पुढे दोनच शब्द: सदस्य अनुपस्थित.
खाली लगेच दुसऱ्या कोणाचं तरी, रेल्वे फाटकाबद्दल.

ती तारीख.
मोबाइलमधले फोटो मागे मागे सरकवत गेलो.
तोच शुक्रवार.
हॉटेलचा वरचा हॉल, भाड्यानं आणलेले फेटे,
सुरमईचा वास अजून येईल असा फोटो.
मधे हेरंबराव,
उजवीकडून चौथा मी, हातात बशी,
पाकीट देऊन झालेलं.
साहेब म्हणाले होते,
दिल्लीत आज विशेष काही नव्हतं,
म्हटलं आपल्या माणसांत यावं.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
एकजात सगळ्यांनी.

आता मंडळाचा निरोप आलाय:
साहेब पुन्हा येतायत, दुसऱ्या खेपेसाठी,
माणशी तीस.
खजिनदार मीच, तेव्हा पान आखून बसलोय.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
त्या शुक्रवारची गैरहजेरी
कोणाच्या नावे टाकू?
साहेबांच्या टाकून पाहिली.
ताळा बसत नाही,
थोडेच कमी पडतात,
पण पडतात.

बारा वाजून गेले.
सलमानियात विसावा दिवस लागला.