फर्मा

विजेवानोत आम्ही त्याला कांदा म्हणतो.
पिएरीनाच्या उजव्या पायाला तो धरला
त्याला आता अकरा वर्षं झाली.
आधी वाटलं, नवा जोडा चावला असेल.
मग जोडा जुना झाला, उसवला, टाकून दिला.
चावा राहिला.

"हे कुरूप नाही," डॉक्टर तादेई म्हणाल्या,
"कुरूप कातडीचं असतं, खरवडलं की जातं.
हे हाड आहे."
आणि उजेडाच्या पाटीवर तिच्या पायाचा फोटो लावला.
चाळीस वर्षं मी पाय कोरले, लाकडाचे.
आतून पाय पहिल्यांदा पाहिला:
अंगठा शेजारच्या बोटावर रेललेला
आणि त्याच्यामागचं लांब हाड
उलट्या दिशेला निघालेलं, रुसून.
नवं काही उगवलेलं नाही तिथे.
दोन हाडांनी तोंडं फिरवली
की मध्ये जे कोपर निघतं, ते.

कारखान्यात माझं काम फर्म्यांचं.
मिलानहून कागद यायचा, कागदावर टोक,
दर वर्षी थोडं अधिक निमुळतं.
पाचही बोटं कुठे मावतील, असं विचारायची पद्धत नव्हती.
मी कानस चालवायचो
आणि शनिवारी दुय्यम मालातला एखादा जोडा घरी आणायचो,
सदतीस नंबर.
ती म्हणायची, बसतो.
तिचा नंबर साडेअडतीस, हे मला दवाखान्यात कळलं.
लग्नात तिची आत्या म्हणाली होती, जोडा शोभतो.
शोभणं वेगळं, बसणं वेगळं.

कबूल करायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "आईला होतं?"
पिएरीना हसली.
आई भाताच्या खाचरांत निंदणीला जायची,
गुडघाभर पाण्यात, अनवाणी.
टोकदार जोडा तिने दुकानाच्या काचेतच पाहिला,
आणि दोन्ही पायांना कांदे होते,
नुकते जमिनीतून उपटल्यासारखे.
"ठेवण वारशाने येते," डॉक्टर म्हणाल्या,
"जोडा तिला घाई करायला लावतो."
माझा गुन्हा असा अर्धा झाला,
आणि का कोण जाणे,
तो अर्धा मला परत हवासा वाटला.

उपाय मी औषधांच्या बिलामागे लिहून घेतले.
बोटांमध्ये सिलिकॉनची पाचर:
बरं वाटेल, हाड सरळ होणार नाही.
रात्रीचा पट्टा: तेच.
गादी, बर्फ, फारच ठणकलं तर गोळी.
रुंद जोडा. याच्याखाली त्यांनी स्वतः रेघ ओढली.
आणि शेवटी कापणं:
हाड छेदायचं, सरकवायचं, स्क्रूने धरायचं,
सहा आठवडे कडक तळव्याचा बूट,
सूज मात्र महिनोन्महिने रेंगाळते,
आणि कधी कधी अंगठा पुन्हा आपल्या वळणावर जातो.
"दुखतं म्हणून करा. दिसतं म्हणून करू नका."
"कांदा चिरायचा म्हणजे रडणं आलंच,"
पिएरीना म्हणाली, आणि एकटीच हसली.

त्या रात्री तळघरात
तिचा पाय कागदावर ठेवून मी पेन्सिल फिरवली.
गुदगुल्या होतात म्हणाली, एकाहत्तराव्या वर्षी.
जुना फर्मा काढला, टोक करवतीने उडवलं,
आणि जिथे ते कोपर येतं तिथे
चामड्याचा एक तुकडा चिकटवला,
त्यावर दुसरा, त्यावर तिसरा,
आणि घासून गोल केले.
इतकी वर्षं नुसतं लाकूड काढत आलो.
भर कधी घातली नव्हती.

जोडा झाला. बदकासारखा दिसतो.
घालून ती चौकात गेली,
कॉफी उभ्याने प्यायली, परत आली,
जोडा न काढताच जेवायला बसली.
न दुखणं कसं असतं, विसरलेच होते, म्हणाली.
आणि दुसऱ्या दिवशी फोन करून
नोव्हेंबरातली तारीख घेतली.

"मग हा फर्मा चुकेल," मी म्हटलं.
"चुकू दे," ती म्हणाली,
आणि डावा पाय टेबलाखालून
माझ्या मांडीवर ठेवला.
"याचा अजून व्हायचाय."