उजळ

दांडिया बाजारातल्या हॉलची मागची भिंत,
आइस्क्रीमच्या फ्रीजला खेटून माझं टेबल.
दोन पडदे. एकावर लग्न,
दुसऱ्यावर त्याच लग्नाचं हिरवं धुकं:
डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे,
उंची मात्र फक्त प्रकाशाची.
तळाशी, शून्याला टेकून, मामाचा काळा कोट.
मुंडावळ्यांचे मोती ऐंशीच्या पुढे.
आणि सगळ्यांच्या वर, आडवा, अंतरपाट.

खानविलकर सर सांगायचे,
डोळ्यावर जाऊ नकोस, डोळा लाचखाऊ.
तासभर अंधारात बसला
की अंधारालाच दुपार म्हणतो.
रेघ बघ.

तिसऱ्या मंगलाष्टकाला मंदाआत्या आली,
वाकून, अत्तराच्या वासासकट.
"हेमांगी जरा उजळ दिसू दे हं.
तिकडे नागपूरला सगळे लाइव्ह बघतायत."

उजळ. निमगोरी. गव्हाळ.
सावळी, पण नाकीडोळी नीटस.
स्थळांच्या वहीतले शब्द.
माझ्या पट्टीवर दहा, वीस, तीस असंच लिहिलेलं.

तरी आयरिस अर्धा स्टॉप उघडलाच मी.
पैसे आत्या देणार होती.
अंतरपाट शंभराला जाऊन थडकला,
वरून इस्त्री फिरवल्यासारखी रेघ.
लग्नाच्या पडद्यावर त्याच्या चुण्या गेल्या, वीण गेली,
कुंकवाचं स्वस्तिक नुसतंच हवेत लटकलं.
काळोखातलं थोडं उकरून काढता येतं,
दाणेदार का होईना.
जळलेल्या पांढऱ्यात
शोधायलाच काही उरत नाही.

शेवटचं "सावधान".
बोटं आपणहून मागे फिरली.
अंतरपाट खाली आला
आणि धुक्यातलं ते पठार कोसळलं.
त्याच्यामागे, पंचेचाळीसच्या आसपास,
तिचा चेहरा. दाट, मऊ,
कपाळापासून हनुवटीपर्यंत
कण न् कण जागेवर.
त्यावर अक्षता, बारीक ठिणग्यांसारख्या.
नागपूरला काय दिसलं, कोण जाणे.

लिफाफ्यात पाचशे कमी निघाले.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा ती आली,
शालूचा घोळ एका हातात धरून.
जिग्नेशने कॅमेरा अजून बंद केला नव्हता,
तिच्याकडे वळवला.
"यातली मी कुठली?"
ही मधली, म्हटलं, ढगासारखी.
तिने हात हलवला. ढग हलला.
पुन्हा हलवला.
मग ती हसली,
आणि दातांची एक बारीक रेघ
ऐंशीला जाऊन आली.