टाळू

जेल थंड असतं. आधी मी ते तळहातांत धरून कोमट करतो,
मग बोथट सिरिंजने एकेका छिद्रात सोडतो.
टोपीला चौसष्ट छिद्रं.
सगळ्यात महत्त्वाचं टाळूच्या जरा मागे,
बाळाची टाळू भरताना
आईची बोटं जिथे हळू होतात, तिथलं.

अलामोगोर्दो. तळघर. वर जुलैचं ऊन
आणि जिप्समची पांढरी वाळू, बर्फासारखी, पण तापलेली.
खुर्चीत सार्जंट युफेमिया आर्चुलेटा, वय चोवीस,
उत्तरेकडच्या चामा खोऱ्यातली, सात पिढ्यांच्या मेंढपाळांची.
काल रात्री झोप झाली का, मी विचारतो.
रकान्यात लिहितो: सहा तास.

पडद्यावर सेकंदाला दहा चित्रं.
छप्पर. छप्पर. विहीर. गाढव. रस्ता. छप्पर.
तिने बोलायचं नाही. बटणही नाही.
बोट फार हळू असतं, डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणतात,
आणि 'हो' म्हणणारी जीभ त्याहून हळू.
डोक्याला आधीच कळलेलं असतं.
कळलेलं तेवढं आम्ही उचलतो,
तिला कळायच्या आत.

पापणी लवली की तो तुकडा फेकून देतो.
पापणी म्हणजे कचरा.

चित्र चार हजार एकशे सतरा:
ड्रोनने तिरकस टिपलेला उतार, खडकांत मेंढ्या,
आणि एक माणूस.
रेघ उसळली. गेल्या महिन्याभरात इतकी उंच
कुणाचीच गेली नव्हती.
चौकट लाल झाली, आपोआप, आणि वर गेली.
वर म्हणजे कुठे ते मला माहीत नाही.
आम्ही नुसतं 'वर' म्हणतो.

नंतर बेसिनवर वाकून ती केस धूत होती,
नळाच्या आवाजात म्हणाली,
'माझा मामा असाच उभा राहतो.
घोड्याने गुडघा मोडल्यापासून, एका पायावर भार देऊन.
क्षणभर वाटलं, हा इथे कसा?'
आणि हसली. कानात पाणी गेलं होतं.

माणसं म्हणतात, काळजात चर्र झालं.
कशानं, ते काळजाला विचारावं लागतं;
चर्र तेवढंच सांगतं की झालं.
आमच्या कागदावर ते तीनशे मिलिसेकंदांवरचं एक टेकाड.
शत्रू दिसला तरी तेवढंच,
मामा दिसला तरी तेवढंच.

मी तिला चौकटीचं सांगितलं नाही.
टॉवेल दिला.

संध्याकाळी नैतिकता समितीचा फॉर्म.
सहभागी व्यक्तीस काही इजा?
मी लिहिलं: कानामागे किंचित खाज.
खरंच तेवढीच होती.
उतारावरच्या माणसासाठी रकाना नव्हता;
तो सहभागी नव्हता.
समासात जागा होती, बरीच.
मी पेनाचं टोपण लावलं.

चौथ्या दिवशी दारातच तिने विचारलं, ते चित्र पुन्हा बघता येईल का?
म्हटलं, नाही.
ती 'बरं' म्हणाली आणि खुर्चीत बसली.
मी जेल तळहातांत धरलं.
त्या दिवशी ते कोमट व्हायला वेळ लागला,
की माझेच हात गार होते, कोण जाणे.

रविवारी दुकानाच्या पार्किंगमध्ये, ट्रॉल्यांच्या रांगेपलीकडे,
एक पाठमोरी बाई, हुबेहूब माझ्या मेलेल्या बहिणीसारखी.
चर्र झालं.
आणि मी, दूध-अंडी खाली ठेवून,
दोन्ही हातांनी डोकं झाकलं,
टोपी नव्हती तरी.