मधला चौकोन

टी-शर्ट कापणं दिसतं तितकं सोपं नाही.
विणीचं कापड ते, कात्री लागली की अंग चोरतं,
कडा गुंडाळून घेतं पोटाशी.
म्हणून आधी पाठीला चिकट अस्तर,
वर जुनं फडकं, मग इस्त्री.
थेट छपाईवर टेकवलीत
तर शाळेचा अख्खा बायसन इस्त्रीला चिकटून येतो.
हे मी एकदाच केलंय. एकदा पुरतं.

आर्लीन कुचेरा मार्चमध्ये आली.
मक्याच्या कोठाराकडे अजून बर्फाचा चिखल होता.
कचऱ्याची काळी पिशवी टेबलावर ठेवून
हातमोजे न काढताच म्हणाली,
"वेंडलचे. बावीस आहेत.
एका पलंगापुरतं होईल ना?"

अशा पिशव्या मी ओळखते.
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात, बंद पडलेल्या बँकेत
माझं मशीन आहे. तिजोरीच्या खोलीत कापूस.
लोक येतात, पिशवी ठेवतात, खिडकीबाहेर बघतात.
मी काही विचारत नाही.
एवढंच, की धुऊ का?
काहीजण नको म्हणतात. वासासाठी.
आर्लीन म्हणाली, "धू की. दोनदा धू."
मला वाटलं, खंबीर बाई.

कुस्तीचा संघ. रक्तदान.
जत्रेत डुक्कर पकडण्याची स्पर्धा, दुसरा क्रमांक.
एकावर कुंपणाचा हिरवा रंग, कोपरापर्यंत.
आणि एक पिवळा, बोलिंगच्या अड्ड्यावरचा,
धुवून धुवून सायीसारखा झालेला,
गळा दातांनी चावून चावून कुरतडलेला.

गळा कापून टाकायचा असतो. नियमच आहे.
मी नाही कापला.
तोच ठेवला मधोमध, गळ्यासकट,
आणि तीन आठवडे त्या पोरासाठी झुरले
जो मी कधी पाहिलाच नव्हता.
पट्ट्या राखाडी घेतल्या.
कोपऱ्यात नाव काढलं, वेंडल,
खाली बोटभर जागा ठेवली.

"तारखा सांगतेस?" मी फोनवर, आवाज खाली आणून.
"कसल्या?"
"म्हणजे… कधी…"
"ईस्टरला येतोय की! अलास्कात आहे, मासळीच्या बोटीवर.
त्याची खोली भाड्यानं दिलीय मी,
कपाट रिकामं करायचं होतं."

फोन ठेवला आणि मशीनवर हात टेकून बसले.
आनंदच झाला. होणारच.
पण थोडं फसवल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.
गेलेलं माणूस परत आलं
तर त्याला बसवायचं कुठे, याची सवय नसते.

तो स्वतः आला न्यायला.
बँकेच्या दारातून वाकून, दाढीत डिझेलचा वास.
मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन.
गोधडी पसरली, डुकरापाशी मोठ्यानं हसला,
मग बोट पिवळ्यावर थांबलं.

"हा माझा नाही."

"कर्टिसचा आहे.
नदीत पडलो होतो, अंगातला काढून दिला त्यानं.
हे चावणं त्याचंच.
परत करायचा राहून गेला."
थोडं थांबून, "काढता येईल?"

"अस्तर चिकटलं की सुटत नाही," मी म्हटलं.
"उसवला तर मध्ये भोक राहील."

तो गळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.
मशीनचा दिवा चालूच होता.
शेवटी म्हणाला, "राहू दे मग,"
आणि नावाखाली बघून,
"ही जागा कशाला?"
"हिशोब चुकला," मी म्हटलं.

पैसे रोख दिले, वीस डॉलर वरती.
पिशवी नको म्हणाला.
गोधडी ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवली,
पिवळा चौकोन वर येईल अशी घडी,
आणि काय मनात आलं कुणास ठाऊक,
तिला पट्टा लावला.

वळणावर ट्रक डावीकडे गेला.
आर्लीनचं घर उजवीकडे आहे.