हेल्दुरच्या नोंदी

लास्नामाए. नऊ मजली पॅनेलची इमारत.
बाहेर उणे चौदा.
चष्मा चढवला की आधी काहीच दिसत नाही,
मग मॉडेल येतं, जरा डावीकडे सरकलेलं,
आणि खऱ्या भिंतीवर हळूहळू नीट बसतं,
घाईत चढवलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं.

आता भिंतीच्या आतलं दिसतं :
गरम पाण्याचा नळ तांबडा, थंड निळा,
दोन पॅनेलना धरून ठेवणारे लोखंडी सांधे
पिवळे. म्हणजे गंजाचा संशय.
संशय हा शब्द मॉडेलचा.

सातव्या मजल्यावर झिनाइदा पेत्रोव्हना दार उघडते.
म्हणते, मारिका, आधी बूट काढ.
माझ्या मोज्याला भोक आहे.
ते मॉडेलमध्ये नाही.

स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर, हवेत
एक हिरवा ठिपका लटकलेला.
बोट लावलं की हेल्दुर बोलतो :
भेग, शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.
नळ नकाशात आहे तिथे नाही,
त्या वर्षी माल कमी पडला असणार.
इथे छिद्र पाडू नका.
आणि मग खोकला.
तो त्याने कापून टाकला नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात.
या भिंतीला घसा आहे,
तोही बसलेला.

काय ऐकतेस, झिनाइदा विचारते.
मी चष्मा तिच्या रुमालावरून तिला घालते.
भिंतीतले तांबडे-निळे नळ ती बघतच नाही.
हा खोकला माझ्या ओळखीचा, म्हणते,
मुळ्याचा रस दिला होता त्याला, मध घालून.
इथे प्यायला नाही. बरणी घेऊन गेला.
बरणी परत आली नाही.

तो गेला त्याला दोन हिवाळे झाले,
हे मी तिला सांगत नाही.
किंवा तिला माहीत आहे,
म्हणून ती बरणीबद्दल बोलते.

भेग आता शून्य पूर्णांक पाच.
नवी नोंद करते, तारीख घालते.
यंत्र विचारतं : जुन्या नोंदी काढायच्या? एकूण एकेचाळीस.
चाळीस काढते.
एक ठेवण्याचं कारण लिहावंच लागतं.
लिहिते : नळ नकाशाप्रमाणे नाही.
खोटं नाही ते.

उतरताना चष्मा पिशवीत.
जिन्यातला दिवा गेलेला,
भिंत नुसती भिंत, रंग उडालेली.
तरी सातव्या आणि सहाव्याच्या मध्ये
मी तिला खांदा लागू देत नाही.